मातीसारखा वास

विमलबाईंच्या घरात पिण्याच्या पाण्याचे दोन माठ होते, आणि त्या दोन माठांपायी नवराबायको चार वर्षं एकमेकांशी धड बोलत नव्हते. एक माठ विमलबाईंचा. त्यात शाळेजवळच्या हापशीचं पाणी, एक किलोमीटरवरून डोक्यावर आणलेलं. दुसरा मोतीरामांचा. त्यात घरामागच्या विहिरीचं पाणी, त्यांनी स्वतः दोर टाकून शेंदलेलं. बायकोच्या माठाला ते हात लावत नसत आणि त्यांच्या माठाला ती.

हे मला पहिल्याच दिवशी चहा पिताना कळलं. कप पुढे करत विमलबाई म्हणाल्या, "बिनधास्त प्या साहेब. चहा माया माठातल्या पान्याचा हाय."

ओसरीवर बसलेले मोतीराम रस्त्याकडे बघत बोलले, "पानी पान्यासारखंच असते. काही लोकाईच्या नाकातच किडा असते."

मी चहा संपवला आणि गप्प बसलो. परक्याच्या संसारात बोलायची माझी हौस केव्हाच फिटली आहे.

मी शरच्चंद्र. राहणार बुलढाणा. पाणी आणि माती तपासण्यात तेहतीस वर्षं गेली, दोन्ही गुडघेही त्यातच गेले. एका खासगी प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं, तरी मालकांनी "एवढं एक काम बघा" म्हणून पुन्हा जुंपलं. जानेफळच्या अलीकडे रस्त्याला लागून एक बंद पडलेला डिझेलचा पंप होता. तेल कंपनीचा भाडेकरार संपला होता आणि जागा मूळ मालकाला, शेषरावांना, परत द्यायची होती. देण्याआधी जमिनीत तेल मुरलंय का ते बघायचं, असं ते काम. पंप बंद होऊन दोन वर्षं झालेली, जमिनीतल्या टाक्याही काढून नेलेल्या. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त या घोड्यावर बसायला त्यांना मी सापडलो.

कामाची मुख्य होती रेवती. पुण्याची, तिशीतली, हुशार. तिच्यात दोष एकच, ती थकत नसे. सकाळी साडेसातला बोअरची गाडी चालू व्हायची आणि ऊन डोक्यावर आलं तरी ती बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत उभी असायची. मी एका लिंबाखाली खुर्ची टाकून वही लिहायचो. सहा फूट काळी माती, तिच्याखाली पिवळा मुरूम, मग फुटका खडक. पहिल्या बोअरला काही निघालं नाही. दुसऱ्या बोअरला, जिथे टाकीपासून मशिनकडे जाणारी नळी होती तिथे, बावीस फुटांवर मुरमाचा रंग बदलला. पिवळ्याचा राखाडी-हिरवट झाला. रेवतीने वास मोजायचं यंत्र जवळ नेलं तर त्याने अशी शिटी मारली, की रस्त्यावरच्या माणसानंही वळून पाहिलं.

मोतीराम रोज येऊन बसत. याच पंपावर त्यांनी एकतीस वर्षं गाड्यांमध्ये डिझेल भरलं होतं. त्यांचं घर पंपाच्या मागे, उताराच्या अंगाला, दीडशे पावलांवर. ते दीडशे पावलं चालून येताना आता तीनदा थांबायचे. ओठ पांढरे पडलेले, नखंही पांढरी. मेहकरच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे सांगितलं होतं, बुलढाण्याला तपासण्या झाल्या होत्या, का कमी होतंय ते कुणी सांगत नव्हतं. पाण्यानं झालं असं कुठला डॉक्टर म्हणाला नव्हता आणि मीही म्हणणार नाही. पण ते पाणी थांबायला हवं होतं, हे कळायला डॉक्टर लागत नाही.

रेवतीने मुरमाचा तो हिरवट गोळा त्यांच्यापुढे धरला. "काका, बघा वास."

त्यांनी गोळा हातात घेतला, नाकाशी नेला, उलटसुलट केला. "कायचा वास? मले तं काईच येऊन नाई राह्यला."

रेवतीला ते खोटं वाटलं. मला नाही. एकतीस वर्षं ज्या माणसाच्या अंगाला, शर्टाला, भाकरीला डिझेलचा वास होता, त्याच्या नाकाला तो वास असा काय वेगळा लागणार?

"अन् टाकीले गयती होतीच नाई," ते म्हणाले. "रोज सकाळी माया हातानं टाकीत मापाची दांडी टाकत होतो म्या. जेवढं इकलं तेवढं कमी. रोज दोन-तीन लिटर इकडेतिकडे व्हायचं, थे तं उडते. डिझेल उन्हानं उडतेच. रजिस्टरात तसंच लिवत होतो, उडालं."

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं मी मनात म्हटलं. नंतर मला त्या म्हणीची लाज वाटली, पण त्या दिवशी म्हटलं हे खरं.

दुसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी घ्यायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. मोतीरामांनी आधी आम्हाला आत नेलं. "पान्याचं इचारता ना? हे पाहा." देवांच्या तसबिरींच्या रांगेत, गजाननाच्या शेजारी, काचेच्या चौकटीत एक कागद लावला होता. पाणी तपासणीचा अहवाल. विहीर क्रमांक अकरा. खाली ठसठशीत अक्षरात ‘पिण्यास योग्य’. त्याच्या खाली सही.

सही माझी होती.

मार्च दोन हजार एकवीस. ग्रामपंचायतीने गावातल्या साऱ्या विहिरी तपासायला आमच्याकडे दिल्या होत्या. मला तेवढंच आठवलं. करोनाचे दिवस, घाई, दिवसाला चौदा-पंधरा विहिरी. विमलबाई की मोतीराम, कुणाचा चेहरा आठवेना. त्यांनाही माझा आठवला नाही, कारण तेव्हा सगळ्यांच्याच तोंडाला फडकी होती. मी सहीकडे बघितलं आणि स्वतःला समजावलं, की तेव्हा पाणी चांगलंच असेल, गळती नंतर झाली असेल. असं समजावणं जमतं मला. सरावच आहे.

"हा कागद हाय तवर मी हेच पानी पेईन," मोतीराम म्हणाले. "शिकेल मानसानं सही करून देल्लं हाय. बायकोच्या नाकावर मी मालकाले चोर म्हनू काय?"

भानगड अशी होती, ती मला गावातून तुकड्यातुकड्यानं कळली. चार वर्षांपूर्वी विमलबाईंनी ओरडा केला, की पंपाचं तेल विहिरीत उतरतंय. नवरा त्याच पंपावर नोकर. पंप चालवणाऱ्या शेषरावांनी सगळ्यांदेखत मोतीरामांना सुनावलं, बायकोला आवर म्हणून. मग अहवाल आला. मोतीरामांनी तो मेहकरहून चौकट करून आणला, आणि गावानं विमलबाईंचं नाव ‘नाकवाली’ ठेवलं. आजही हापशीवर बाया हसतात, "आली का नाकवाली?" विमलबाई घागर भरतात आणि चालू लागतात.

तिसऱ्या दिवशी मी विहिरीवर एकटाच होतो. रेवती मेहकरला बर्फ आणायला गेली होती, नमुन्याच्या पेटीत टाकायला. लांब नळीचं भांडं दोरीनं खाली सोडलं, पाण्याच्या अगदी वरच्या थराला टेकवून उचललं, काचेत ओतलं. उन्हात धरलं तर पाण्यावर एक पातळ साय, तिच्यात इंद्रधनुष्यासारखे रंग. उन्हाळ्याला पाणी खाली गेलं की असं जास्त दिसतं. मोतीराम बादली खोल बुडवून शेंदायचे, त्यांना साय दिसत नसणार.

विमलबाई घागर घेऊन हापशीवरून परत येत होत्या. घागर उतरवून त्या पायरीवर टेकल्या. वय त्रेसष्ट, मानेची शीर ताठ उभी राहिलेली.

"दिसलं काय?" त्यांनी विचारलं.

"दिसलं."

"मंग याईले सांगा साहेब. मायं नाई आयकत. रोज संध्याकायी माया समोर बसते अन् तांब्याभर पेते, मले दाखवून. मी पाह्यत राह्यतो. काय करू?" त्या पदरानं मान पुसत राहिल्या. "तवाबी एक साहेब आलता. म्या त्याले सांगतलं होतं, पान्याले मातीतेलाचा वास येऊन राह्यला. त्यानं मुंडी हालवली, लिवून घेतलं, अन् देल्लं लिवून का पानी चांगलं हाय. मी म्हनलं, बाप्पा, यायची मशीन मोठी का मायं नाक मोठं?"

मी काच पायरीवर ठेवली.

"काय सांगितलं होतं तुम्ही?" मी पुन्हा विचारलं.

"मातीतेलाचा वास. काऊन? तुमी काय म्हनता त्याले? घासलेट. रॉकेल. डिझेलचा वास थेट तसाच तं येते ना."

संध्याकाळी बुलढाण्याला घरी आल्यावर मी जुन्या वह्यांची ट्रंक ओढली. कमरेतून कळ आली तरी ओढली. एकवीस सालची वही वरच निघाली. जानेफळ, विहीर क्रमांक अकरा. माझंच वळणदार अक्षर: ‘तक्रार: पाण्यास मातीसारखा वास येतो.’

बस्स. एवढंच. मातीसारखा वास म्हणजे गाळ, म्हणून मी गढूळपणा तपासला. क्षार तपासले, फ्लोराइड तपासलं, जंतू तपासले. सगळं मर्यादेत. तेल तपासलं नाही, कारण तेलाची तक्रारच वहीत नव्हती. नाकावर फडकं होतं, ते खाली करून बाटली हुंगायचे कष्टही मी घेतले नाहीत. अकरावी विहीर होती, अजून चार राहिल्या होत्या आणि मला घरी जायचं होतं.

मातीतेल हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. तेच तर वाईट आहे. लहानपणी शेजारच्या घरी खेळून आलो आणि म्हणालो, "आई, त्यायच्या घरी मातीतेल संपलं." आई शाळेत मराठी शिकवायची. तिने मला दाराशी उभं केलं आणि वीस वेळा म्हणायला लावलं, "त्यांच्या घरचे रॉकेल संपले." आमच्या घरात ‘काऊन’ चालत नसे, ‘मले’ चालत नसे. हळूहळू मी असा तयार झालो की समोरचा माणूस वऱ्हाडीत बोलला की माझ्या हातून कागदावर पुस्तकी उतरायचं. लोक कौतुक करायचे, साहेबांचे अहवाल कसे स्वच्छ. विमलबाई म्हणाल्या ‘पान्याले’, मी लिहिलं ‘पाण्यास’. त्या म्हणाल्या ‘येऊन राह्यला’, मी लिहिलं ‘येतो’. त्या म्हणाल्या ‘मातीतेलाचा’, आणि मी तेही स्वच्छ करून टाकलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करू?

विहिरीचं पाणी पिऊ नका असं रेवतीने दोघांना त्याच आठवड्यात सांगून पाहिलं. मोतीरामांनी चौकटीकडे बोट दाखवलं. दहा दिवसांनी नमुन्यांचा निकाल आला. विहिरीत डिझेल होतं, मर्यादेच्या कितीतरी पट. निकाल सांगायला आम्ही जानेफळला निघालो. गाडीत रेवतीने मला अहवालाचा मसुदा वाचायला दिला. एका चौकोनात लिहिलं होतं, ‘पूर्वीच्या तक्रारी: इंधनासंबंधी एकही नोंद नाही.’

"बरोबर आहे ना, सर? मी ग्रामपंचायतीतले सगळे कागद बघितले."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी "बरोबर आहे" म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटत होतं. ती वही माझ्या ट्रंकेत होती आणि विमलबाईंच्या शब्दाला गावात कुणी विचारत नव्हतं. मी कागद मांडीवर ठेवला, देऊळगाव साकर्शाचा फाटा मागे गेला, मी गप्पच होतो. भित्रा नाही मी, पण थकलेल्या माणसाला गप्प बसणं फार सोपं पडतं.

मोतीराम ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. दहा दिवसांत आणखी उतरले होते. विमलबाई दाराच्या चौकटीत बसल्या. रेवतीने सावकाश वाचायला सुरुवात केली, "काका, विहिरीच्या पाण्यात पेट्रोलियम हायड्रोकार्बनचं प्रमाण..."

मोतीरामांनी हात वर केला. "पोरी, एक सांग. या कागदावर सही कोनाची?"

"माझी आणि सरांची."

"अन् आतल्या कागदावर?" ते माझ्याकडे बघत होते. "सही जुयते, साहेब. पानी भरलं त्या दिवशीच बाटलीवरच्या चिठ्ठीत मी तुमची सही पाह्यली. बोल्लो नाई. आता सांगा. तोई कागद तुमचा, हाई तुमचा. मंग मी कोनता खरा मानू? तवा चांगलं, आता खराब, म्हंजे टाकी काहाडल्यावर तेल कुठून आलं? तुमीच चुकून राह्यले आता."

रेवती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. विमलबाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी फक्त डोळे मिटले. चार वर्षांपूर्वीचा तो साहेबच त्यांच्या माठातल्या पाण्याचा चहा पिऊन गेला होता, हे त्यांना तेव्हा कळलं.

माणूस समोर बसून पांढरा पडत चालला होता आणि माझ्या सहीनं पीत होता. आता गप्प बसण्याइतका मी थकलो नव्हतो.

"पहिला कागद खोटा आहे," मी म्हणालो. "पाणी तेव्हाही खराब होतं. तुमच्या बायकोनं मला तेव्हाच सांगितलं होतं. मातीतेलाचा वास येतो म्हणाल्या. मी मातीचा वास लिहिला. माती तपासली. तेल तपासलंच नाही. त्यांचं नाक खरं होतं, मोतीरामभाऊ, माझे कान खोटे होते."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मोतीराम उठले. भिंतीला धरत आत गेले आणि चौकट काढून आणली. ती माझ्या मांडीवर ठेवली. मला वाटलं फोडतील. त्यांनी मागचे खिळे नखानं सरकवले आणि कागद बाहेर काढला.

"लिवा याच्यावर," ते म्हणाले.

मी पेन काढलं. ‘सदर विहिरीच्या पाण्यात पेट्रोलियम पदार्थ आढळले असून...’ इथपर्यंत लिहिलं आणि विमलबाईंचा आवाज आला.

"काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं.

"थे नाई," त्या म्हणाल्या. "मी बोल्ली थे लिवा. जसंच्या तसं."

मी ते वाक्य खोडलं. तेहतीस वर्षांच्या कागदांमध्ये मी फारशी खाडाखोड केलेली नाही. खाली लिहिलं, ‘पान्याले मातीतेलाचा वास येऊन राह्यला, असे विमलबाईंनी मार्च २०२१ मध्ये सांगितले होते. ते खरे होते. लिहिणारा चुकला. हे पाणी पिऊ नये.’ सही केली. तारीख घातली. रेवतीने आपल्या मसुद्यातली ती ‘एकही नोंद नाही’ची ओळ काट मारून रद्द केली.

मोतीरामांनी कागद डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला.

"मीबी रोज लिवत होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "उडालं, उडालं. दोन लिटर, तीन लिटर. थे उडतच नव्हतं. माया घराकडे येऊन राह्यलं होतं."

आम्ही दोघं लिहिणारे समोरासमोर बसलो होतो.

मग त्यांनी बायकोकडे बघितलं. नीट, तिच्या तोंडाकडे. "अवं," ते म्हणाले, "तुया माठातलं पानी दे."

विमलबाई उठल्या. आत गेल्या. माठाचं झाकण काढल्याचा आवाज आला, आणि मग वाडगं तळाला घासल्याचा. त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या. तो अर्धाच भरलेला होता.

"एवढंच हाय," त्या म्हणाल्या. "चार वर्सं एकाच मानसापुरतं आनत होती मी. त्यात ह्या साहेबाचा चहा." त्यांनी तांब्या त्यांच्या हातात दिला आणि कोपऱ्यातली रिकामी घागर उचलून चुंबळ डोक्यावर ठेवली. "आता दुसरी खेप करा लागते."

मी म्हणालो, की अहवालात टँकरची शिफारस केली आहे, कंपनीला नवीन बोअर करून द्यावा लागेल, दोन-तीन महिने लागतील. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग पायरी उतरून उन्हात, शाळेच्या रस्त्याला लागल्या.

मोतीराम ते अर्धा तांब्या पाणी दोन्ही हातांत धरून बसले होते. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी ते तोंडाला लावलं नाही.